शेजारच्या सीटवरचे मोघे

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चांगली होती. शारजात रोला बाजाराच्या मागच्या गल्लीतली सात मजली बिल्डिंग. बाकी सगळं बिघडायचं, पाणी जायचं, एसी गळायचे, पण लिफ्ट कधी बंद पडली नाही. तरीही एक माणूस भर ऑगस्टात दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन, घामाने निथळत, पाचव्या मजल्यापर्यंत जिन्याने चढायचा. अनंत मोघे. आमच्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही नवेनवे शारजात आलो होतो, तेव्हा एकदा दार उघडलं तर समोर जिन्यात धापा टाकत उभे. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "व्यायाम वाटतं?"

"नाही हो वहिनी," पिशव्या खाली ठेवत ते म्हणाले, "भीती वाटते. मध्येच अडकली तर?"

इतकं सरळ! पन्नाशीकडे झुकलेला पुरुषमाणूस पहिल्याच भेटीत असं कबूल करतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी स्वतः अव्वल नंबरची घाबरट. एका इन्शुरन्स कंपनीत मोटर क्लेम्स बघायचे, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत टेबलावर चेपलेल्या गाड्यांचे फोटो. रोज ते बघून घरी यायचं आणि नवरा हमरियाच्या औद्योगिक वसाहतीतून अजून का आला नाही म्हणून खिडकीत उभं राहायचं, हा माझा संसार. त्यामुळे हा माणूस मला एकदम आवडून गेला. चला, म्हटलं, आपल्यातलं कुणीतरी भेटलं.

आणि मग काही दिवसांनी कळलं की हे मोघे रॅली करतात. कप्पाळ माझं!

रॅली म्हणजे गाड्यांची शर्यत, पण ट्रॅकवर गोलगोल फिरायची नव्हे. उघड्या वाळवंटात, वाळूच्या टेकड्यांवरून, एकामागून एक गाड्या सोडतात आणि ज्याला कमी वेळ लागेल तो जिंकतो. गाडीत माणसं दोन. एक चालवतो. दुसरा शेजारी बसून मांडीवरच्या छापील रूटबुकात बघतो आणि पुढे काय येणार ते सांगत राहतो. त्याला नेव्हिगेटर म्हणतात. मोघे हे ते दुसरे. त्यांच्या हमरियाच्या कंपनीतला एक आयरिश इंजिनियर गाडी चालवायचा आणि हे त्याच्या शेजारी. लिफ्टला भिणारा माणूस महिन्यातून एखाद्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, हेल्मेट घालून वाळूवरून उडायला जातो, याला काय म्हणायचं?

मी विचारलंच. तर म्हणाले, "वहिनी, मी शूर नाही. शूर माणसाला कुणी नेव्हिगेटर करू नये. त्याला पुढचा खड्डा दिसतच नाही. मला सगळे दिसतात."

कंपनीतही त्यांचं काम तेच. पाइपांचे वेल्ड तपासायचे, तडा कुठून जाईल ते शोधायचं. भीती हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना.

रूटबुकात धोक्याच्या जागी उद्गारचिन्हं छापलेली असतात. एक म्हणजे सांभाळून, दोन म्हणजे वेग कमी करा, तीन म्हणजे जिवाशी गाठ. मोघ्यांनी ही पद्धत घरीदारी लावली होती. आमच्याकडे चहाला आले की बसायच्या आधी एकदा घरभर नजर फिरवायचे. बाथरूमबाहेर ओली फरशी: "वहिनी, एक." गौरी, म्हणजे माझी लेक, बाल्कनीच्या कठड्याला लोंबकळतेय: "वहिनी, दोन!" कुकरच्या शिट्टीत काहीतरी अडकलंय असं आवाजावरून ओळखून ते एकदा सोफ्यावरून ताडकन उठले आणि "तीन, तीन!" करत गौरीला उचलून थेट जिन्यात. कुकरला काही झालं नाही. पण शिट्टी काढून बघितली तर खरंच डाळीचं साल अडकलेलं होतं. माझ्या सासूबाई राहायला येणार म्हटल्यावर त्यांनी नुसती तीन बोटं वर केली होती. श्रीधर, माझा नवरा, चिडला. मी मात्र ओट्याकडे तोंड करून पोटभर हसून घेतलं.

मोघेवहिनी अगदी उलट. शांत बाई. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला नाही का हो भीती वाटत, हे जातात तेव्हा?" तर गहू निवडता निवडता म्हणाल्या, "हे इतके घाबरतात की मला घाबरायला वेळच मिळत नाही. घरात एकाने घाबरलेलं पुरे."

पहिल्यांदा त्यांची रॅली बघायला आम्ही सगळे गेलो, तो दिवस मला लख्ख आठवतो. वाळवंटाच्या कडेला तंबू, गाड्या, पेट्रोलचा वास, कुणीतरी सारखं "यल्ला, यल्ला", म्हणजे चला, चला, ओरडतंय. मोघे कुठे दिसेनात. मी गौरीला घेऊन पाण्याच्या टँकरमागे गेले तर हे तिथे वाकून उलटी करताहेत. हात लटलट कापत होते. मी घाबरून मोघेवहिनींना हाक मारायला निघाले तर मोघ्यांनी मला हातानेच थांबवलं. तोंड धुतलं, हेल्मेट चढवलं. म्हणाले, "दर वेळी होतं. अंगाला काय कापायचं ते कापू दे. फक्त भीती आवाजाला लागू द्यायची नाही."

आणि खरंच, गाडीत बसल्यावर त्यांचा जो आवाज निघाला तो मी विसरू शकत नाही. खिडकीतून ऐकत होते मी. सपाट, संथ, बँकेतला कॅशियर नोटा मोजतो तसा.

त्या आवाजाचा मला पुढे फार उपयोग झाला. मला लायसन्स कितव्या टेस्टला मिळालं ते विचारू नका. मिळालं तेव्हा गाडी काढायची हिंमत होईना. मोघे म्हणाले, मी बसतो शेजारी. पुढचा महिनाभर रोज सकाळी ते माझ्याबरोबर इंडस्ट्रियल एरियातून ऑफिसपर्यंत यायचे आणि तिथून कंपनीची बस धरायचे. "पुढे राउंडअबाउट. डावीकडून पांढरी पिकअप घुसेल, घुसू दे तिला. आता जा. पुढे ट्रक उभाय, त्याच्या मागून माणूस येईल." आणि यायचा हो माणूस! मी हैराण. "तुम्हाला कसं कळतं?" "कळत नाही, वहिनी. मी नुसता आधी घाबरून घेतो. तुम्हाला मग घाबरायचं काम राहत नाही." त्या आवाजावर मी डोळे मिटून गाडी चालवली असती.

श्रीधरला मात्र या सगळ्यातली फक्त रॅली तेवढी दिसली. दोन हजार सालच्या आसपास घरी कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग दुबईच्या कॉम्प्युटर स्ट्रीटवरून एक स्टीअरिंग व्हील आलं, पेडलसकट. किमतीचे दिरहमाचे रुपये करून मी बोंब मारली, पण ऐकतो कोण! जेवायच्या टेबलाला ते चाक घट्ट बसवलं, पेडल घसरू नयेत म्हणून मागे माझी तांदळाची गोणी लावली, आणि रोज संध्याकाळी आमच्या घरात रॅली सुरू. स्क्रीनवर जंगल, चिखल, बर्फ. गेममधला एक साहेब इंग्रजीत पुढची वळणं सांगायचा.

मोघ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा आवाज बंद करायला लावला. "याला भीतीच वाटत नाही," म्हणाले. स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसले. दोन-चार दिवस नुसते बघून रस्ते पाठ केले आणि मराठीतून सांगायला लागले. "शंभर मीटर. डावा. आवळत जातोय. ब्रेक. सोड. आता माथा येतोय, पाय उचल. श्रीधर, पाय उचल!"

श्रीधर पाय उचलायचा नाही. गाडी टेकाडावरून हवेत उडायची, पलीकडे धाडकन पडून पुढे पळायची.

"बघा, मोघे! दोन सेकंद वाचले."

"पलीकडे काय होतं?"

"रस्ता."

"आणि नसता तर?"

"तर रिस्टार्ट!" श्रीधर हसायचा. गौरीही हसायची. "काका, इट्स जस्ट अ गेम!"

आणि कधीतरी ती गाडी खरंच झाडावर आदळून उलटायची. मग जे व्हायचं ते बघायला वरच्या-खालच्या मजल्यांवरचे लोक यायचे. श्रीधर रिस्टार्टचं बटण दाबून पुन्हा पळत सुटलेला असायचा आणि इकडे मोघे काम करत असायचे. आधी हात पुढे करून हवेतला स्विच बंद करायचे, बॅटरी तोडायचा. मग उठायचे, माझ्या ओट्यावरचा पोळपाट उचलायचे आणि स्वयंपाकघराच्या दारात तो डोक्यावर धरून उभे राहायचे. का, तर मागून दुसरी गाडी येतेय. माथ्यापलीकडे काय पडलंय हे तिला दिसत नाही, ती थेट आपल्या अंगावर येऊन पडेल. "आधी स्विच, मग वर जाऊन पाटी दाखवायची. आणि गाडी सोडून लांब जायचं नाही, कधी म्हणजे कधी नाही. मग काय रडायचं ते रडा." इकडे माझ्या पोळ्या अडलेल्या. मी म्हणायची, "भाऊजी, गेली ती गाडी, द्या पोळपाट." "येते अजून एक, थांबा," म्हणायचे, अगदी गंभीर चेहऱ्याने. मला हसू यायचं आणि कुठेतरी पोटात बरंही वाटायचं. इतका घाबरणारा माणूस शेजारी असेल तर कुणाचं काय वाईट होणार?

मग त्या आयरिश इंजिनियरची बदली झाली. गाडी इथेच राहिली, मोघे राहिले, चालवणारा गेला. आणि श्रीधर एका संध्याकाळी म्हणाला, "मी चालवणार आहे."

घरात काय भांडण झालं असेल ते लिहीत नाही. मी दोन दिवस जेवले नाही, बोलले नाही, शेवटी जिना चढून मोघ्यांकडे गेले. म्हटलं, "तुम्ही नाही म्हणा. तुमच्या शब्दाबाहेर तो नाही." मोघ्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, तो दुसरा कुणीतरी घेऊन जाईल शेजारी. वीस-बावीस वर्षांचा एखादा पोरगा, हबीबी, यल्ला करणारा. त्यापेक्षा मी बरा. मला आत्तापासूनच झोप नाहीये." त्यांची भीती बघून माझी थोडी कमी झाली, हे खरं आहे.

ती एका स्थानिक क्लबची छोटी रॅली होती. हिवाळ्यातला शुक्रवार, स्वच्छ ऊन. शेवटच्या टप्प्याच्या टोकाला तंबू होते. मी आणि मोघेवहिनी तिथे दशम्यांचा डबा आणि थर्मास घेऊन बसलो होतो. समोर वाळूच्या टेकड्यांची रांग. तिच्यावरून एकेक गाडी डोकं काढायची, खाली उतरायची, लोक टाळ्या वाजवायचे. श्रीधरच्या पुढची गाडी आली. मग त्याच्या मागची आली.

मागची आधी आली म्हटल्यावर मी उठून उभी राहिले. मोघेवहिनी म्हणाल्या, "रुतली असेल हो कुठेतरी." वायरलेसवाल्याला विचारलं, तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम मॅडम, इन्शाल्ला कमिंग." मी उभीच होते. आणखी एक गाडी आली. आणि मग टेकडीवर एक माणूस दिसला. पायी. एकटा.

वाळवंटात गाडी सोडायची नाही हे मला मोघ्यांनीच इतक्या वेळा सांगितलं होतं की तो एकटा माणूस बघितल्यावर मी समजले, श्रीधर गेला. दुसरा अर्थच नव्हता त्याचा. मोघे धावत खाली येत होते. डोक्यावर हेल्मेट तसंच, एका पायात बूट नाही. मला वाटलं, आता माझ्यासमोर येऊन थांबतील आणि सांगतील. मी तयारी करून उभी होते.

ते थांबले नाहीत. माझ्या हाताच्या अंतरावरून पुढे गेले. मोघेवहिनींनी "अहो!" म्हणून हाक मारली, त्यांच्याकडे बघितलंही नाही. तंबू ओलांडले, गाड्या ओलांडल्या आणि डांबरी रस्त्याच्या दिशेने पळतच राहिले. शेवटी दोघातिघांनी मागून धावत जाऊन त्यांना धरलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, शब्द नाही. तो आवाजच नव्हता. नुसता हात मागे, टेकड्यांकडे.

श्रीधर जिवंत होता. वाळूची टेकडी वाऱ्याकडच्या बाजूने हळूहळू चढते आणि पलीकडे कड्यासारखी तुटलेली असते. माथ्यावर पाय उचलून, गाडी तिरकी करून हळूच सोडायची असते. मोघ्यांनी तीनदा सांगितलं होतं, हे श्रीधरनेच नंतर कबूल केलं. हा जेवायच्या टेबलावर करायचा तसा पाय दाबून बसला. गाडी नाकावर पडली आणि उलटली. त्याचा पाय मांडीत मोडला होता. पेट्रोल ठिबकत होतं, बॅटरी चालूच होती, पण पेटलं नाही. मागून येणाऱ्या गाडीने तो माथा सोडून बाजूची वाट धरली, ती का धरली ते तिचं तिला माहीत. नाहीतर ती सरळ त्याच्या अंगावर आली असती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये लोकांनी मोघ्यांना मिठ्या मारल्या. एवढ्या वाळूतून धावत येऊन मदत आणली, तुम्ही होतात म्हणून वाचला. मोघे प्रत्येकाला सांगत होते, "मी मदतीला नाही आलो. मी पळालो." लोक पाठीवर थाप मारून पुढे जायचे. शॉकमध्ये आहेत, म्हणायचे. शेवटी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "वहिनी, स्विच बंद केला नाही. वर गेलो नाही. मी पळालो हो."

मला राग आला होता, भयंकर राग. आणि त्याच वेळी नवरा आत जिवंत होता. मी म्हटलं, "हो, पळालात. मी बघितलं ना. माझ्यासमोरून गेलात, थांबला नाहीत."

त्यांनी डोळे मिटले. "थँक यू, वहिनी," म्हणाले. मला तेव्हा वाटलं, डोकं फिरलंय यांचं.

पुढे आमच्या इथल्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाळेच्या हॉलमध्ये, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला जोडून. शाल, श्रीफळ, प्रसंगावधान वगैरे भाषण. मोघे माईकपाशी गेले आणि म्हणाले, "मी पळून गेलो होतो. तुम्ही चुकीच्या माणसाला नारळ दिलाय." आणि जो टाळ्यांचा कडकडाट झाला! काय हा विनय, काय हा मोठेपणा! अध्यक्षांनी तर डोळे पुसले. मोघे त्या टाळ्यांमध्ये नारळ धरून उभे होते आणि मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. व्हीलचेअरवरचा श्रीधर खाली मान घालून बसला होता. तोही टाळ्या वाजवत नव्हता, हे मी पाहिलं.

त्यानंतरची गोष्ट जास्त भीतीची आहे.

एक दिवस ऑफिसातून आले, लिफ्टचं दार उघडलं, तर आत मोघे. एकटे, आरशाकडे पाठ करून. मी म्हटलं, "अहो, तुम्ही लिफ्टमध्ये?" "हो," म्हणाले, "काय होतंय." माझ्याकडे येणंही कमी झालं. आले तरी गप्प बसायचे. गौरीने मुद्दाम बाल्कनीच्या कठड्यावर पाय टाकून बघितला, "काका, नंबर?" म्हणून. ते बघत राहिले नुसते. मीच धावत जाऊन तिला ओढलं.

मग एका संध्याकाळी मी सिग्नलला थांबले होते. सहापदरी रस्ता, सगळा ट्रॅफिक दुबईहून सुटलेला, आणि त्यातून एक माणूस पिशवी हलवत चाललाय. डावीकडे बघत नाही, उजवीकडे बघत नाही. हॉर्न, ब्रेकचे आवाज, शिव्या. मोघे होते. पलीकडे पोचून शांतपणे गल्लीत वळले. माझा सिग्नल हिरवा झाला तरी मला गाडी पुढे नेता येईना.

मोघेवहिनींना मी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत होतंच. एका दुपारी आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडल्या. "गॅस चालू ठेवून बाहेर जातात. परवा कंपनीत परांचीवर बेल्ट न लावता चढले. मी विचारलं तर म्हणतात, माझ्या भीतीवर आता माझा विश्वास नाही. काय करू हो मी? मला आयुष्यात कधी घाबरायची सवय नव्हती." मी त्यांना जवळ घेतलं. त्यांनीच मग ठरवलं, नोकरी सोडायची आणि पुण्याला परत जायचं. इथे राहिले तर हा माणूस हातचा जाईल.

शनिवारचं विमान होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, मोघे आमच्या दारात. "वहिनी, गाडी काढाल?"

"कुठे जायचंय?"

"तिकडे."

कुठे ते मला कळलं. नाही म्हणणार होते. पण मागून कुबडीचा आवाज आला आणि श्रीधर म्हणाला, "मीपण येतो."

मी चालवत होते, मोघे शेजारी, श्रीधर मागे. मोघे एक अक्षर बोलले नाहीत. राउंडअबाउटवर एक पिकअप घुसली, मी कशीबशी वाचवली, तरी नाही. डांबरी रस्ता संपला तिथे गाडी उभी केली. खिशातून त्यांनी रॅलीतलं छोटं जीपीएस काढलं, त्यावर अपघाताची जागा होती. मी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"तेव्हा थांबायला हवं होतं तेवढा," म्हणाले आणि चालायला लागले. पाण्याची बाटली सीटवरच राहिली.

आम्ही बसून राहिलो. ते एक टेकडी चढले, उतरले, मग दुसरी, आणि तिच्या पलीकडे दिसेनासे झाले. ऊन उतरायला लागलं. वारा सुटला होता आणि वाळू काचेवर बारीक बारीक वाजत होती. मी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. काही नाही. काय काय विचार आले माझ्या मनात ते सांगवत नाही. घरी पुण्याच्या बॅगा भरत बसलेल्या मोघेवहिनी सारख्या डोळ्यांसमोर येत होत्या.

"मी जाते," मी म्हटलं.

"नाही, मी," श्रीधर म्हणाला. अपघातानंतर तो वाळूवर पाऊल टाकायला तयार नव्हता. मांडीत रॉड होता, कुबडी वाळूत रुतत होती. ती त्याने वाटेतच टाकून दिली आणि हातापायांवर चढत गेला. मी किती ठरवलं होतं गाडीपाशी थांबायचं. नाही जमलं. चपला हातात घेऊन मागोमाग गेले.

माथ्यावर पोचले आणि खाली बघून मला चक्कर आली. इतकं तुटलेलं होतं ते. तळाशी दोघं बसले होते, शेजारी शेजारी, माझ्याकडे पाठ करून. त्या खोलगटात वारा नव्हता, त्यामुळे शब्द न् शब्द वर येत होता.

"शुद्ध कधी आली तुला?" मोघे विचारत होते.

"सोडा ना, मोघे."

"कधी आली?"

श्रीधर म्हणाला, "लगेच आली. उलटा लटकत होतो. पेट्रोलचा वास येत होता. तुमची सीट रिकामी होती, मला वाटलं तुम्ही बाहेर फेकले गेलात. हाका मारल्या मी तुम्हाला. मोघे, मोघे म्हणून. खूप मारल्या."

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

"मला ऐकू आल्या," मोघे म्हणाले.

मी तिथेच वाळूत बसले. खरं सांगते, त्या क्षणी मी खाली असते तर त्या माणसाच्या थोबाडीत मारली असती. श्रीधर त्यांच्याकडे बघत होता. मोघे रडत होते, तोंड न झाकता, लहान मूल रडतं तसे. मग श्रीधरने हात पुढे केला.

"उठा," तो म्हणाला. "मला एकट्याला हे चढता येणार नाही."

मोघे उठले. श्रीधरचा हात त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने त्याची कंबर धरली आणि ते चढायला लागले. ती बाजू चढायची नव्हेच. पाऊल टाकलं की वाळू घसरायची, दोघं खाली यायचे. एकदा दोघंही आडवे पडले. मी वरून बघत होते, पण हाक मारायची छाती होईना. आणि मग तो आवाज ऐकू आला. "डावा पाय. थांब. इथे भुसभुशीत आहे, माझ्यावर भार दे. आता उजवा. मी धरलंय. घसरशील, घाबर. आता टाक."

वर पोचले तेव्हा मोघ्यांच्या तोंडाला फेस आला होता. श्रीधर म्हणाला, "सोडा आता, आलो आपण वर." त्यांनी सोडलं नाही. गाडीत बसवेपर्यंत त्यांनी त्याचा हात आपल्या खांद्यावरून उतरू दिला नाही.